‘न्यूडसाठी जिवंत बाई कशाला बसवायची?’ – तात्यांच्या पोस्टला उत्तर

रंगपेटी:
परवा तात्या सातारकरांनी इथे लिहिलं होतं. ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवून ठेवलेली सूझा आणि पदमसी या चित्रकारांची नग्न चित्रं मुंबई हायकोर्टाने सोडायला लावली, ती बातमी देऊन तात्या म्हणतात की कोर्टाने सोडलं म्हणून प्रश्न मिटत नाही. आता फोनवर हवे तेवढे फोटो आहेत, गोल फिरवून बघता येणारे थ्रीडी पुतळे आहेत, एआय सांगाल ती पोझ काढून देतं. मग एका जिवंत बाईला तीस पोरांसमोर उघडं बसवायचं कशाला? आणि शेवटी लिहिलंय, "कपड्यातला माणूस जमत नाही म्हणून नागडा काढतात."

या शेवटच्या वाक्याने दोन दिवस माझं डोकं फिरलंय. म्हणून लांबलचक लिहितेय.

मी सत्त्याऐंशी साली कला महाविद्यालयात गेले. लाइफ क्लास, म्हणजे जिवंत मॉडेल समोर ठेवून चित्र काढायचा वर्ग, सुरू झाला तेव्हा ऑक्टोबरची काहिली होती. खोलीत अर्धगोलात डॉन्क्या (बसून चित्र काढायची बाकं), मध्ये लाकडी चौथरा, कोपऱ्यात पडदा. चाळिशीच्या आसपासची एक बाई पडद्यामागून आली, चौथऱ्यावर उभी राहिली आणि सरांना म्हणाली, "पंखा बंद करा." आम्ही मनातल्या मनात चरफडलो. घामाने चारकोल बोटांना चिकटत होता. पहिली दहा मिनिटं कुणी मान वर करून नीट बघितलंच नाही, सगळे कागदाकडे बघत रेघोट्या ओढत होते. सर मागून फिरत आले आणि माझ्या बोर्डाजवळ थांबून एवढंच विचारलं, "वजन कुठल्या पायावर आहे?"

मला सांगता येईना. वर बघावं लागलं. वजन उजव्या पायावर होतं, म्हणून उजवा नितंब वर, म्हणून उजवा खांदा खाली, म्हणून मान डावीकडे कललेली. एका प्रश्नात ती बाई माझ्यासाठी नागडी राहिली नाही. उभी राहिली. आणि हे मी काव्य म्हणून सांगत नाही, शब्दशः असंच झालं.

आता फोटोचं. फोटो एका डोळ्याने बघतो, आपण दोन डोळ्यांनी. दंड गोल कुठे वळतो, कड कुठे हरवते, हे फोटोने आधीच ठरवून टाकलेलं असतं. तुम्ही त्याची नक्कल करता. शिवाय फोटो दमत नाही. वीस मिनिटांनी मॉडेलचा नितंब आणखी बाहेर येतो, गुडघा मागे जातो, पोट श्वासाबरोबर हलतं. सुरुवातीला काढलेली रेघ खोटी ठरते आणि तुम्हाला ठरवावं लागतं की कुठला क्षण धरायचा. चित्रकला म्हणजे हे ठरवणं. एआयने काढलेल्या बाईचं वजन कुठल्याच पायावर नसतं, कारण तिला जमीनच माहीत नाही.

आणि कपड्यातला माणूस! निऱ्या गुडघ्यावरून सुटतात, पदर खांद्याच्या हाडावर टेकतो. आत गुडघा कुठे आहे हे कळल्याशिवाय साडी चितारली की हँगरला लटकवलेली साडी दिसते. तात्या, उलटं आहे. नागडा माणूस जमत नाही म्हणून कपड्यातला बिघडतो.

तात्या_सातारकर:
ताई, तुम्ही वेळ काढून लिहिलंत, मी दोनदा वाचलं. पटलं नाही.

मी चित्रकार नाही, एसटीत हिशेबनीस होतो. पण सातारचा आहे आणि औंधचं संग्रहालय लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे चित्र म्हणजे काय हे अगदीच कळत नाही असं नाही. तुम्हाला एक विचारतो. चित्रकार रावबहादूर धुरंधरांच्या नऊवारीतल्या बायका बघितल्यात ना? पाठमोरी बाई घागर घेऊन चाललीय, तिच्या चालण्यातून कळतं की घागर भरलेली आहे. ते १८९० च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. विवस्त्र मॉडेलचा वर्ग तिथे नंतर, प्राचार्य सॉलोमन साहेबाच्या काळात, १९१९ च्या सुमारास सुरू झाला. म्हणजे धुरंधर घडले ते या वर्गाशिवाय. राजा रविवर्मा तर कुठल्याच कॉलेजात गेला नव्हता. मग ‘नागडा जमल्याशिवाय कपड्यातला जमत नाही’ हा सिद्धांत कुठे राहिला?

टर्पेंटाइन:
तात्या, धुरंधर हे धुरंधर होते. लाखात एक. कॉलेज उरलेल्या लाखासाठी असतं. मी वीस वर्षं फिगरेटिव्ह, म्हणजे माणसाच्या आकृतींचं काम करतोय आणि विकतोय. दर महिन्याला मॉडेल बसवतो. बंद केलं की दोन महिन्यांत हात खोटा बोलायला लागतो, सवयीचे हात, सवयीची बोटं. ज्याने कधी दोन तास एका माणसाकडे टक लावून बघितलेलं नाही त्याने यावर मत देऊ नये.

दगडफूल:
मत सगळ्यांनी द्यावं. मीही त्याच वर्गात बसलेय आणि माझं मत रंगपेटी यांच्यापेक्षा वेगळं आहे.

न्यूडचा अभ्यास हवा, मान्य. मग पुरुष लंगोटात का? आमच्याकडे बाई पूर्ण विवस्त्र आणि बुवा लंगोट लावून. वर पुरुष मॉडेल असला की मुलींनी मागच्या रांगेत बसायचं, असा अलिखित नियम. परिणाम असा की आज पन्नाशीत मी पुरुषाची आकृती काढताना कंबर ते मांडी या पट्ट्यात अंदाजपंचे काढते. पाय धडाला कसा जोडलाय हे सगळं तिथे असतं! श्रोणीचं हाड, मांडीचा सांधा, जांघेतला उतार. नेमका तोच भाग कापडाखाली. हा अभ्यास असता तर दोघांनाही एकच नियम लागला असता.

आणि हे फक्त आपलं नाही. अमेरिकेत चित्रकला शिकवणाऱ्या थॉमस एकिन्सने मुलींच्या उपस्थितीत पुरुष मॉडेलची लंगोटी काढली म्हणून १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या अकादमीने त्याला राजीनामा द्यायला लावला. लंडनच्या रॉयल अकादमीने मुलींना लाइफ क्लासमध्ये घेतलं १८९३ मध्ये, तेही मॉडेलला कापड गुंडाळून. फ्रेंच चित्रकार सुझान व्हालादोंने १९०९ मध्ये आदम आणि हव्वा रंगवले. आदमच्या जागी तिचा प्रियकर, हव्वेच्या जागी ती स्वतः. पुढे ते चित्र प्रदर्शनात लावताना आदमच्या कमरेला पानांची माळ चढवावी लागली. हव्वा तशीच. तिच्यावर पान ठेवा असं कुणाला वाटलं नाही.

तात्यांचा प्रश्न चुकीचा आहे, पण त्यांनी ‘बाई’ हा शब्द बरोबर वापरलाय. ‘जिवंत माणूस कशाला बसवायचा’ असं ते म्हणाले नाहीत, कारण बसवली जाते ती बाईच.

सडेतोड:
एकिन्स आणि फिकिन्स ठेवा बाजूला. एम. एफ. हुसेनवर बोला. आमच्या देवीदेवतांना तसं दाखवायचं आणि वर हाच अभ्यास म्हणायचा. त्यावर एक अक्षर नाही या धाग्यात. निवडक गप्प बसता येतं सगळ्यांना.

काळाकोट:
हुसेनच्या खटल्यांवर दिल्ली हायकोर्टाचा २००८ चा निकाल आहे, न्या. संजय किशन कौल यांचा. पूर्ण वाचा, मग स्वतंत्र धागा काढा, मी येईन. इथे तो विषय घेतला तर उद्या सकाळपर्यंत मॉडेल, चौथरा, वजन सगळं वाहून जाईल.

मूळ बातमीत मात्र भर हवी. ब्रिटनमधल्या लिलावांत घेतलेल्या सात कलाकृती होत्या, चार सूझाच्या, तीन पदमसीच्या. मुंबई कस्टम्सने २०२३ मध्ये अडवल्या, जुलै २०२४ मध्ये जप्तीचा आदेश आणि वर ५० हजार दंड. आधार कसला, तर अश्लील वस्तूंच्या आयातीवर बंदी घालणारी १९६४ ची अधिसूचना. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्या. सोनक आणि न्या. जैन यांनी तो आदेश रद्द केला. नग्न आणि अश्लील हे समानार्थी शब्द नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. अधिकाऱ्याने तज्ज्ञांची मतं बाजूला सारली होती, त्यावरही कोर्टाने ताशेरे ओढलेत.

दुःख याचं की पदमसीच्या बाबतीत हे शहराने सत्तर वर्षांपूर्वी एकदा भोगून झालं होतं. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत त्याचं प्रदर्शन लागलं, ‘लव्हर्स’ नावाच्या चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता म्हणून पोलिसांनी अश्लीलतेचं कलम २९२ लावलं. तो माफी मागून सुटू शकला असता, लढला आणि निर्दोष सुटला. उमा-महेश्वराच्या मूर्तींत हाच हात याच जागी आहे. तरी त्याच माणसाची कामं, तो गेल्यानंतर, त्याच शहराच्या विमानतळावर पुन्हा अश्लील ठरली. माझा राग या गोष्टीवर आहे. कायदा बदलत गेला, रणजित उदेशी खटल्यापासून २०१४ च्या अवीक सरकार खटल्यापर्यंत अश्लीलतेची कोर्टांची कसोटी बदलली. टेबलामागे बसलेल्या माणसाची नजर बदलली नाही.

मीठभाकर:
मी इथे फक्त वाचते. पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे ‘मॉडेल’ म्हणताय ना, माझी आई ते काम करायची. सतरा वर्षं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच. आईने शेजारी सांगितलं होतं की कॉलेजात झाडू-पोछा करते. आम्हालाही तेच सांगितलं होतं. मला कळलं मी अकरावीत असताना, तेही पगाराच्या कागदावरून. कागदावर ‘मॉडेल’ लिहिलं होतं, मला वाटलं एखादी वस्तू असेल.

रंगपेटीताई, तुमच्या बाई म्हणाल्या ना "पंखा बंद करा", आईसुद्धा हेच सांगायची. दोन-दोन तास घामेजल्या अंगावर वारा बसला की रात्री पाठ धरायची. आम्ही तिच्या पाठीला तेल चोळायचो. कशाने दुखते ते माहीत नव्हतं.

रोजावर पैसे. सुट्टी लागली की पैसे नाहीत. परीक्षा, दिवाळी, मे महिना, सगळं कोरडं. बिल लावायचं, सही व्हायची, मग वरच्या ऑफिसात जायचं, तीन-तीन महिने अडकायचं. फंड नाही, काही नाही. विवस्त्र बसलं तर कपड्यातल्या पोझपेक्षा थोडे जास्त मिळायचे, म्हणून ती बसायची. कला वगैरे नंतर. आधी आमच्या फिया.

अश्लील आहे की नाही यावर कोर्टात सत्तर वर्षं भांडण चालतं. आईच्या बिलावर सही का होत नाही यावर कुणी कोर्टात गेलं नाही.

टर्पेंटाइन:
ताई, तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण धागा भरकटतोय. प्रश्न होता, न्यूडसाठी जिवंत मॉडेल हवं का. पगार, फंड, बिलं हा कामगार खात्याचा विषय आहे. मी माझ्या मॉडेलला रोख देतो, त्याच दिवशी देतो, येण्याजाण्याचं भाडं देतो. तरी ऐनवेळी फोन बंद. एकदा तर नवरा स्टुडिओत येऊन कॅनव्हास फाडायला निघाला, कारण तिने घरी सांगितलं नव्हतं. चित्रकाराची बाजूही आहे. शेवटी बाई बसते, चित्र मी काढतो.

मीठभाकर:
"बाई बसते."

तुम्ही एकदा बसा. उजव्या पायावर वजन, डावा हात डोक्यामागे, पंचेचाळीस मिनिटं. डास बसला तरी हलायचं नाही. हात बधिर होतो, मग मुंग्या येतात, मग काहीच कळत नाही आणि तेव्हा हलवला तर पोरं ओरडतात, "मावशी, पोझ!" आईच्या डाव्या खांद्याचं दुखणं आजही आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी मी एका गॅलरीत गेले होते, ऑफिसच्या कामासाठी. भिंतीवर आईची पाठ होती. मी रोज तेल चोळलेली पाठ, मला कशी ओळखू येणार नाही? खाली लिहिलं होतं, ‘न्यूड, ऑइल ऑन कॅनव्हास’. चित्रकाराचं नाव, साल, किंमत. किंमत आईच्या सतरा वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त असेल. चित्र सुंदर होतं हो. मी खोटं बोलणार नाही. मी तिथे अर्धा तास उभी होते. पण जिची पाठ तिचं नाव कुठे होतं?

दगडफूल:
मीठभाकर, मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, आणि टर्पेंटाइन यांनी माफी मागावी असं मला वाटतं.

हा विषय कामगार खात्याचा नाही, चित्रकलेचाच आहे. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या ‘ऑलिम्पिया’ या न्यूडवर १८६५ मध्ये पॅरिसमध्ये गहजब झाला. तिच्यासाठी बसलेली व्हिक्तोरीन मराँ स्वतः चित्रकार होती. १८७६ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात, तिचं चित्र घेतलं गेलं आणि त्या वर्षी मानेंची नाकारली गेली. तरी शतकभर तिची ओळख काय, तर ‘ऑलिम्पिया’तली ती नागडी बाई.

लंडनहून_नीला:
त्याला जोडून सांगते. ब्रिटिश चित्रकार लुसियन फ्रॉइडने रंगवलेली सोफ्यावर झोपलेली स्थूल बाई, सू टिली, सरकारी रोजगार कार्यालयात नोकरी करायची. ते चित्र २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३६ लाख डॉलरला गेलं. ती बसायची तेव्हा तिला दिवसाला वीस पौंड मिळायचे. म्हणजे हे फक्त आपल्या सरकारी बिलांचं नाही.

पण इथल्या लाइफ ड्रॉइंगच्या वर्गांत मी अठरा वर्षं जातेय आणि तिथे काही गोष्टी ठरलेल्या आहेत. हीटर मॉडेलच्या बाजूला. वीस मिनिटांनी विश्रांती, तेव्हा तिने गाऊन घालायचा आणि कुणी जवळ जायचं नाही. हात लावून पोझ दुरुस्त करायची नाही, तोंडाने सांगायचं. फोन पिशवीत. सुरुवातीलाच नाव सांगतात, आज अमुक बसणार आहे. एवढंच. याला पैसे पडत नाहीत.

आणि मी स्वतः एकदा बसलेय. शस्त्रक्रियेनंतर, एक स्तन काढल्यावर. सेहेचाळीस वर्षांची होते. घाबरले होते. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की समोरची माणसं माझ्याकडे दवाखान्यातल्यासारखी बघत नाहीत आणि रस्त्यातल्यासारखीही नाहीत. ती काय बघत होती हे संध्याकाळी कागदांवर दिसलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी व्रणाची रेघ इतकी अलगद ओढली होती की मी ते चित्र मागून घेतलं. तात्या, तुमच्या एआयला ‘बाई काढ’ म्हटलं तर माझ्यासारखी बाई ते काढणार आहे का?

सडेतोड:
तिकडचं इकडे आणू नका. तिकडे समुद्रावर पण तसेच फिरतात.

तात्या_सातारकर:
सडेतोड, नीलाताईंनी जे लिहिलंय त्याखाली हे लिहायला नको होतं. आपण दोघं एका बाजूचे समजले जातो म्हणून सांगतोय.

आता मला एक सांगावंच लागेल, जे पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं. माझी धाकटी चित्रकलेला आहे, दुसऱ्या वर्षाला. इलिमेंट्री, इंटरमिजिएट दोन्हीत ए ग्रेड, मीच हाताला धरून क्लासला सोडायचो. जानेवारीत घरी आली ती जेवेचना. खोदून विचारलं तेव्हा आईला सांगितलं. लाइफ क्लासमध्ये एका मुलाने बोर्डाच्या आडून मॉडेलचा फोटो काढला आणि मुलांच्या ग्रुपवर टाकला. त्या बाईला कळलं. ती पडद्यामागे जाऊन रडली, कपडे घालून गेली आणि परत आली नाही. कॉलेजने मुलाला समज देऊन सोडलं. माझी पोर म्हणते, बाबा, मी पण त्या वर्गात होते, मी काहीच बोलले नाही.

म्हणून मी लिहिलं की जिवंत बाई कशाला. ती बाई माझ्या पोरीच्या आईच्या वयाची होती.

टर्पेंटाइन:
तात्या, हे आधी सांगायला हवं होतं. पण बघा, तुमचा उपाय काय होता? फोटोवरून काढा. आणि त्या बाईला घालवलं कशाने? फोटोनेच. मॉडेल समोर बसते तेव्हा तिला तुम्ही दिसता. तुम्ही तिला बघता आणि तीही तुम्हाला बघते, खोलीत दोघांची लाज पणाला लागलेली असते. फोटोत फक्त तुम्ही बघता. इंटरनेटवरच्या त्या हजारो फोटोंतल्या बायकांना कुणी विचारलंय? एआयला ज्या चित्रांवर, फोटोंवर शिकवलं त्यातल्या बायकांना?

मी चौथऱ्याची बाजू का घेतो त्याचं खरं कारण हे आहे. आणि मीठभाकर, ते "बाई बसते" मी लिहायला नको होतं. चित्र दोघांचं असतं असं म्हणायला मी अजून तयार नाही. पण बसणं हे काम आहे, कष्टाचं काम आहे, हे मान्य. मागच्या सहा चित्रांच्या पाठीमागे मी मॉडेलचं नाव लिहिलेलं नाही. लिहिता आलं असतं. तिने नको म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी.

मीठभाकर:
विचारायचं तरी. आईने बहुतेक नकोच म्हटलं असतं. चाळीत कळलं असतं तर राहता आलं नसतं. पण नको म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं.

काळाकोट:
तात्या, त्या मुलाने केलं तो गुन्हा आहे. स्त्रीचा असा फोटो काढणं, पसरवणं यावर दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर २०१३ मध्ये कलम ३५४-क आलं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७७. स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असेल पण पसरवायला दिली नसेल, तरी पसरवणं गुन्हाच ठरतं. इथे तर काढायलाही नव्हती. समज देऊन सोडण्याचा विषयच नव्हता. तुमच्या मुलीला साक्ष द्यायची असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, फी नको.

इतके दिवस आपण अश्लीलतेचं कलम घोकतोय, चित्रकारावर लावायचं की नाही म्हणून. ज्या कलमाने त्या बाईला आधार मिळाला असता ते इथे कुणालाच आठवलं नाही. मलाही शेवटी आठवलं.

रंगपेटी:
काल रात्री माळ्यावरची ट्रंक काढली. लाइफ क्लासचे कागद आहेत, अठ्ठ्याऐंशी ते नव्वदचे, त्रेपन्न निघाले. चारकोल उडालाय, कडा पिवळ्या पडल्यात. प्रत्येकावर माझी सही आहे, तारीख आहे, ‘स्टँडिंग, ४० मि.’, ‘सीटेड, मागून’ असं लिहिलंय. सरांनी लाल पेन्सिलीने दिलेले गुण आहेत. नाव एकाही कागदावर नाही. किती बायका बसल्या असतील, सात, आठ? मला दोघींची नावं आठवतात. त्यातलं एक खरं होतं की तिने कॉलेजपुरतं घेतलेलं, तेही माहीत नाही. ज्या पहिल्या बाईबद्दल मी वर एवढं भरभरून लिहिलं, तिला आम्ही मावशी म्हणायचो. दोन वर्षं.

तात्या, धुरंधरांचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. माझं वाक्य मी मागे घेते, ‘त्याशिवाय जमतच नाही’ हे खरं नाही. लाइफ क्लासमुळे माझ्यासारख्या सामान्य हातालाही ते जमू लागतं, इतकं म्हणते आणि त्याच्या मागे जाणार नाही. मुलीला वर्ग सोडायला लावू नका. तिला म्हणावं, नवीन मॉडेल आली की पहिल्या दिवशी उठून तिचं नाव विचार आणि सगळ्यांचे फोन एका पेटीत गोळा कर. दुसऱ्या वर्षाची मुलगी हे करू शकते. मी केलं नाही.

तात्या_सातारकर:
वर्ग सोडायला तीच तयार नाही. मला म्हणाली, तुम्ही पोस्ट लिहिलीत ती मला विचारून लिहिली का? ते पण बरोबर आहे. "नागडा काढतात" ते वाक्य तेवढं मी काढून टाकतो. बाकीची पोस्ट राहू दे, बाकीचं माझं मत आहे.

दगडफूल:
आणि लंगोटाचं काय? त्यावर कुणीच उत्तर दिलं नाही.

टर्पेंटाइन:
कारण उत्तर नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. माझ्या स्टुडिओत आजवर एकही पुरुष मॉडेल आलेला नाही.

मीठभाकर:
आईला सगळं वाचून दाखवलं. तिला दिसत नाही आता नीट. नीलाताईंचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, त्या रंगपेटीवाल्या बाईंना विचार, सरांनी पंखा बंद केला होता का.

रंगपेटी:
केला होता. पण आम्ही कुरकुर केली म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा लावला. त्यांना सांगा.